टीबीला आमच्या घरात न्यूमोनिया म्हणायचे

आमचं घर दोन गावांत वाटलेलं होतं आणि दोन्हीकडे अर्धंच चालायचं. बाबा जयपूरच्या लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वेची इंजिनं उभी करतात आणि दुरुस्त करतात तिथे, खलाशी, म्हणजे मदतनीस होते. माय खानदेशात, नंदुरबारकडच्या आमच्या खेड्यात, अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी. स्वतःचं शेत नव्हतंच. माय दुसऱ्यांच्या शेतात निंदायला आणि कापूस वेचायला जायची. रेल्वेने बाबांची जिकडे बदली केली तिकडे ते गेले. दहावीनंतर मलाही त्यांच्याकडे पाठवलं, कारण गावात पुढचं शिक्षण नव्हतं आणि मी ऐकणारी नव्हते.

क्वार्टर म्हणजे एक खोली, पुढे पडवी, मागे मोरी. पाणी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत मिळून एका नळाला. शेड इतकी जवळ, की दोरीवर पांढरं लुगडं वाळत घातलं तर ते करडं होऊन घरात यायचं. बाबा ड्यूटीवरून आले की आंघोळीनंतरही त्यांच्या कानांच्या पाळ्यांत कोळसा उरायचा. स्वयंपाक आम्ही दोघं मिळून करायचो, म्हणजे कुणीच धड करायचं नाही. मी कॉलेजला जाताना जेवून जाते असं बाबांना वाटायचं. बाबा शेडमध्ये पोटभर खातात असं मला वाटायचं. दोन्ही खोटं होतं.

अशा घरातून मी बी.ए. झाले, तेही हिंदीत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी मिरवते. मिरवतेच. ऐंशीच्या दशकात, खलाशाच्या बौद्ध घरातल्या मुलीने परक्या मुलखात, परक्या भाषेत पदवी घेतली, तर तिने मिरवावं.

पदवीनंतर लगेच रेल्वेतल्या क्लार्कच्या परीक्षेत निवड झाली. नाव पॅनलवर, म्हणजे निवड यादीत लागलं. उरली होती फक्त मेडिकल तपासणी.

डाग

खोकला मला हिवाळ्यापासून होता. संध्याकाळी अंगात कणकण यायची. अंगावरची कापडं ढिली झाली होती. कोळशाचा धूर, परीक्षेचं जागरण, जयपूरची कोरडी थंडी, कारणं हवी तेवढी हाताशी होती. डॉक्टरकडे जावं असं काही वाटलं नाही. आजारी पडायचं म्हणजे रजा काढायची, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

मेडिकलच्या दिवशी डोळे तपासले, वजन घेतलं, छातीचा फोटो काढला. मग मला एकटीला आत बोलावलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"खाँसी कब से है, बेटी?"

"सर्दी की है."

"सर्दी की नहीं है. छाती में दाग है. टीबी है."

मी विचारलं, "तो मेडिकल?"

बहुतेक मी दुसरंच काहीतरी विचारेन असं त्यांना वाटलं असावं. "अभी अनफिट. इलाज कराओ, ठीक होकर आओ. पॅनल साल भर रहता है."

बाबा बाहेर उभे होते. बाकावर जागा होती तरी उभे. त्या दिवसासाठी त्यांनी शेडचे निळे कपडे धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"टीबी आहे म्हणाले."

बाबांनी आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. मग म्हणाले, "हळू बोल."

घरी पोहोचेपर्यंत बाबांनी आजाराचं नाव बदललं होतं. "कुणी विचारलं तर न्यूमोनिया सांगायचं."

मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं कळतही होतं. आम्ही कोण आहोत हे लाइनीत सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरचं पाणी काहींना चालायचं नाही. उघड कुणी बोलायचं नाही, फक्त तहान नसायची. "आधीच हे असं," बाबा म्हणाले. "वर टीबी म्हटलं की नळावर हंडा लावू देणार नाहीत. आणि उद्या तुझ्या लग्नाचं?" लग्नाचं मी मनावर घेतलं नाही. नळाचं घेतलं.

दोनच दिवसांनी खोकताना रुमालात रक्त आलं. मग कोणत्याही नावाने चालणार नव्हतं. मला दवाखान्यात भरती केलं.

वॉर्ड

टीबीचा दवाखाना शहराच्या कडेला होता. बायकांचा वॉर्ड लांबलचक, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, आणि त्या कायम उघड्या. फेब्रुवारीच्या वाऱ्यात आम्ही घोंगड्या पांघरून थरथरत पडायचो. सिस्टर खिडकी लावू द्यायची नाही. "हवा भी दवा है," म्हणायची.

सकाळी थर्मामीटर, मग गोळ्या, मग इंजेक्शन. इंजेक्शन असं की आज डावीकडे, उद्या उजवीकडे, आणि चार दिवसांत बसायला जागा उरायची नाही. प्रत्येकीच्या खाटेखाली थुंकीचं झाकणाचं डबडं. भेटीची वेळ झाली की बायका केस विंचरायच्या आणि दाराकडे तोंड करून बसायच्या. बहुतेकींकडे कुणी यायचं नाही. वेळ संपली की पुन्हा पाठ करून निजायच्या. त्या वेळेची मला तापापेक्षा जास्त भीती वाटायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर जयपूरजवळच्या बगरू गावची गुलाब होती. घर छिप्यांचं, कापडावर ठसे मारणारं. नखांच्या कडांत निळा रंग कायमचा बसलेला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिला घरी सोडायचं कागदावर कधीच लिहून झालं होतं, पण ती तिथेच.

"तू बरी झालीस ना? मग जात का नाहीस?" मी एकदा विचारलं.

"मैं तो ठीक हो गई," ती म्हणाली. "लेने वाला बीमार पड़ा है."

"काय झालंय त्याला?"

"शरम," ती म्हणाली आणि इतकी हसली की खोकला लागला. मीही हसले. मग दोघींचंही हसू ओसरलं.

तिच्या नवऱ्याने निरोप धाडला होता की आता घरात जागा नाही. गुलाब सिस्टरला मदत करायची, चादरी मोजायची, नव्या बायकांना धीर द्यायची. मला म्हणायची, "तू पढ़ी-लिखी है, तेरे को तो कोई रख लेगा." मी म्हणायचे, "मला कुणी ठेवायला नको, मला नोकरी हवी." ती म्हणायची, "एक ही बात है." आज वाटतं, तिचं फारसं चुकत नव्हतं.

माय आली

आजीला मावशीकडे ठेवून माय जयपूरला आली. आयुष्यात पहिल्यांदा खानदेशाच्या बाहेर. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचं गाठोडं. मला पाहिल्यावर रडली नाही. माझं मनगट हातात धरून म्हणाली, "काय व हे? काडी झाली तू." आणि मग बाबांकडे वळून, "तुमी दोघं इकडे काय खात होते, माती?"

बाबांनी तिची पेटी उचलली. रेल्वेच्या नोकरीत त्यांनी साहेबांचं पुष्कळ ऐकलं होतं, पण मायसमोर ते जसे गप्प व्हायचे तसे कुणासमोर नाही.

रक्त थांबलं, ताप उतरला, तेव्हा दवाखान्याने मला घरी सोडलं. औषधं घरी घ्यायची, महिन्याला येऊन दाखवायचं. निघायच्या दिवशी मी वजनाच्या रांगेत होते आणि माय औषधाच्या खिडकीशी. तिथल्या माणसाने तिच्या हातात पुड्या दिल्या आणि वॉर्डात नव्हती अशी एक लाल-केशरी कॅप्सूल वेगळी काढून दाखवली. "ये वाली सुबह, खाली पेट. रोज. समझ गई? खाली पेट."

"हां जी," माय म्हणाली.

औषधं तिने स्वतःच्या ताब्यात घेतली. मला हात लावू दिला नाही. सकाळी उठले की आधी दोन भाकरी, तूप लावून. मग कपभर दूध. जमलं तर अंडं. मी नको म्हटलं की दटावायची, "खाय. औषध जहाल आहे. पोटात काही पाहिजे त्याच्याखाली." सगळं संपलं की पदराच्या गाठीतून कॅप्सूल काढून तळहातावर ठेवायची. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. जहाल औषध भरल्या पोटी घ्यायचं, हे मी लहानपणापासून तिच्याच तोंडून ऐकत आले होते. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं असणार.

त्या कॅप्सूलने लघवी केशरी व्हायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मायने मोरीत तांब्यावर तांब्या पाणी ओतलं, बाहेरच्या गटारात रंग दिसू नये म्हणून.

खिडकी

लपवायला लागलं की माणूस एकेक गोष्ट लपवत जातं. आधी रोगाचं नाव. मग औषधाच्या रिकाम्या पुड्या, त्या बाबा डब्यातून नेऊन शेडमध्ये इंजिनाच्या आगीत टाकायचे. मग माझी थाळी, जी माय वेगळी घासायची, पण दार लावून. आणि शेवटी खोकला.

आमच्या खोलीला एकच खिडकी होती, शेजारच्या कमला भाभीच्या अंगणाकडे उघडणारी. कमला भाभी रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको, आवाज शिट्टीसारखा. मला खोकल्याची ढास लागली की माय धावत जाऊन खिडकी लावायची. पुढे पुढे ती लावलेलीच राहिली. एप्रिलमध्ये लू, म्हणजे तिकडचा तापलेला वारा, सुरू झाली तसं निमित्तही मिळालं. बाबांनी फळीवर दोन खिळे मारून टाकले. आत आम्ही तिघं, सिगडी, आणि माझा श्वास. मे महिन्यात त्या खोलीत दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा.

कमला भाभी रोज सकाळी भिंतीवरून डोकावून मायला विचारायची, "रोटी खा ली, भाभी?" माय म्हणायची, "खा ली." तेवढी हिंदी तिला लवकर आली. "और छोरी का न्यूमोनिया?" "ठीक, ठीक," असं म्हणत माय घरात.

कमला भाभीला आत कधी बोलावलं नाही. कुणालाच नाही. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या, तर बाबांनी दारातूनच सांगितलं, गावाला गेली आहे. मी आत खाटेवर बसून ते ऐकत होते. ढास येत होती. तोंडात लुगड्याचा बोळा धरून मी ती गिळली.

त्या दिवसांत आमच्यात भांडणंही झाली. बाबा म्हणायचे, मायने यायला उशीर केला. माय म्हणायची, पोरीला इकडे शिकायला पाठवलं नसतं तर हे झालं नसतं. मग मी ओरडायचे की माझ्या शिक्षणाचं नाव काढायचं नाही. ओरडलं की खोकला. खोकला आला की दोघंही खिडकीकडे पाहायचे. भांडण संपायचं.

"खाली"

उन्हाळा सरता सरता दवाखान्यात पुन्हा फोटो काढला, थुंकी तपासली. माझं वजन वाढलं होतं. गालांवर मांस आलं होतं. माय खूश होती, रिपोर्ट घ्यायला जाताना तिने नवं लुगडं नेसलं.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले.

"दाग वैसा का वैसा है. थूक में कीड़े अभी भी हैं." मग चष्म्यावरून माझ्याकडे, मग मायकडे. "सच बताओ. दवाई छोड़ती हो? या बाहर बेच देते हो?"

माय ताडकन उभी राहिली. "बेचेंगे? साब, मैं मेरे हात से देती. रोज. एक दिन बी चुकी नई."

"कैसे देती हो?"

"खाली पेट."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुन्हा कागदाकडे वळले. बरोबर उत्तर आलं होतं. पण मायला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. तिच्या मेहनतीवर कुणीतरी चोरीचा आळ घेतला होता.

"एकदम खाली पेट, साब! पयले दो भाकर, घी लगा के. फिर दूध. कबी अंडा. पेट ऐसा टम्म होता, फिर गोली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "रोटी पहले?"

"पयले. खा ली पेट."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. भिंतीवरून रोज येणारा तो प्रश्न, रोटी खा ली? खा ली म्हणजे खाल्लं. खा ली पेट म्हणजे खाल्लेलं पोट. मायने हिंदीतला एक शब्द नीट शिकून घेतला होता आणि रोज, एकही दिवस न चुकता, त्याप्रमाणे वागली होती.

"खाली!" डॉक्टर म्हणाले. टेबलावरचा पेला उचलून त्यांनी उलटा केला. "खाली मतलब इसमें कुछ नहीं. ये खाली है."

माय पेल्याकडे पाहत राहिली. मग मला मराठीत म्हणाली, "हे तं रिकामं आहे."

"हो माय. हिंदीत रिकाम्याला खाली म्हणतात."

"मंग रोटी खा ली काय असतं?"

दारातली सिस्टर हसली. मलाही एक क्षण हसू आलं, आणि मग मायचा चेहरा दिसला.

डॉक्टर आता जरा मऊ झाले. म्हणाले, रोग मागे न हटण्याचं हेच एक कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण ही कॅप्सूल जेवणावर घेतली की अंगात कमी लागते. मग त्यांनी विचारलं, "घर में हवा आती है?"

मी म्हटलं, "खिड़की बंद रहती है. लू की वजह से."

"रात को भी लू चलती है?"



त्यांनी इंजेक्शनं पुन्हा सुरू केली, गोळी एक वाढवली. मग मायला नाही, मला म्हणाले, "तुम समझदार हो, इसलिए साफ़ कहता हूँ. अगली बार भी यही रहा, तो मेरे पास देने को ज़्यादा कुछ नहीं बचेगा." नोकरीचा, पॅनलचा विचार त्या वाक्यापुढे मला आठवलासुद्धा नाही.

बाहेर व्हरांड्यात गुलाब चादरींचा ढीग घेऊन चालली होती. अजून तिथेच होती. मला पाहून म्हणाली, "मोटी हो गई रे!" मी मान हलवली.

बसमध्ये माय खिडकीपाशी बसली होती. स्टेशन जवळ आलं. मग म्हणाली, "म्या तुले भरवू भरवू आजारी ठेवलं."

मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, "तसंच आहे. पण मी इचारू कोनाले? त्या खाली पेटाचा अर्थ इचाराचा म्हनजे कोनतं औषध ते सांगाले लागते. औषध सांगतलं की रोग सांगाले लागते. कोनाले इचारू?"



नळावर

दुसऱ्या दिवशी सकाळी माय हंडा घेऊन नळावर गेली. मी पडवीत होते, सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. पाचसहा बायका होत्या. मायने हंडा खाली ठेवला आणि कमला भाभीसमोर उभी राहिली.

"भाभी, मेरी बेटी को न्यूमोनिया नई. टीबी है."

ती पुढे म्हणाली,

"और मेरे को हिंदी आती नई. डॉक्टर बोलता वो समझता नई. गलत समझती, बेटी मरेगी. तुम समझाओ."

कमला भाभीने पदर खोचला. "तो हमें क्या बहरी समझती थी, भाभी? रात भर जो खाँसती है, वो न्यूमोनिया थोड़े ही होता है! पूरी लाइन को पता है." मग आणखी मोठ्याने, "खिड़की में कील ठोक के बैठे हैं, जैसे टीबी कोई चोर हो!"

आम्ही खिळे मारून जे आत कोंडलं होतं ते कधीच सगळ्यांना माहीत होतं. बाहेर राहिली होती ती फक्त हवा, आणि विचारण्यासारखी माणसं.

सगळं लगेच गोड झालं असं मात्र कुणी समजू नये. कमला भाभी तिथेच म्हणाली, "बुरा मत मानना, बच्चों को मैं तुम्हारे यहाँ नहीं भेजूँगी. पर सुबह पूछूँगी ज़रूर." हे निदान तोंडावर होतं. दुसरी एक बाई त्या दिवसापासून मायनंतर नळाची तोटी राखेने घासून मगच बादली लावायची. आधी जे मनात होतं ते आता हातात आलं. माय पाहायची, हंडा उचलायची, चालायला लागायची. घरी येऊन म्हणायची, "घासू दे. तोटी चकचकीत झाली तं आपल्यालेबी पानी चांगलं."

बाबा मात्र बिथरले. चार दिवस मायशी बोलले नाहीत. "आता शेडमध्ये माझ्या डब्यापाशी कोण बसेल?" एवढंच मला म्हणाले. आणि खरंच, काही दिवस ते एकटे जेवले. त्यांचं दुःख लहान नव्हतं. परक्या गावात इतकी वर्षं त्यांनी मान खाली न घालता काढली होती, आणि ती मान आम्ही त्यांना न विचारता पणाला लावली होती.

एका रविवारी ते शेडमधून पक्कड घेऊन आले. कुणाशी न बोलता खिडकीचे खिळे उपटले. फळी उघडली तशी गरम धूळ आत आली, सरळ मायच्या कणकेत. बाबा म्हणाले, "येऊ दे." मायशी चार दिवसांनंतरचं ते पहिलं बोलणं.

सकाळ

मग रोजची सकाळ अशी. उठायचं, चूळ भरायची, पाण्याबरोबर कॅप्सूल. आणि मग तासभर काही नाही. पोटात आग पडायची, मळमळायचं, कधी उलटी व्हायची. माय भाकरीची टोपली मांडीत धरून माझ्यासमोर बसायची, पहारा दिल्यासारखी. तिला ते फार जड जायचं. उपाशी लेकरासमोर भाकरी घेऊन बसणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

आणि उघड्या खिडकीतून ती शिट्टी यायची. "मराठन भाभी! गोली दे दी?"

"दी!"

"रोटी?"

"नई दी!"

"शाबाश! अब घंटा भर हाथ बाँध के बैठ!"

सगळ्या लाइनीला माझ्या औषधाची वेळ पाठ झाली. पाळीवर जाणारे लोक आमच्या दारावरून जाताना एकमेकांना म्हणायचे, गोली हो गई, चलो देर हो रही है. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. मग एक दिवस कमला भाभी माहेरी गेली, सकाळी आवाज आला नाही, तर आम्ही दोघी मायलेकी उगीच भिंतीकडे पाहत बसलो.

माय दर महिन्याला दवाखान्यातून आली की भिंतीशी जाऊन डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य कमला भाभीला म्हणून दाखवायची आणि अर्थ पक्का करायची. मला येत होतं तरीही. "तू आजारी आहे," म्हणायची. "आजारी मानसाच्या समजुतीवर मी आता राहत नाही."

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात हा रोग असेल तर माझं एवढंच सांगणं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध कसं घ्यायचं ते त्यांच्यासमोरच, आपल्या शब्दांत, परत म्हणून दाखवा. भाकरी कधी आणि गोळी कधी, हेसुद्धा. आपल्याला कळलं असं वाटणं आणि कळणं यांतल्या फरकात माझं अख्ख्या उन्हाळ्याचं औषध वाया गेलं. आणि रोगाचं नाव निदान एका शेजाऱ्याला खरं सांगा. तो कदाचित तोटी घासेल. पण घासणारे तसेही घासतातच.

फोटो

दिवाळीनंतर रिपोर्ट आला. थुंकी साफ. फोटोतला डाग आक्रसून बोटाच्या पेराएवढा झाला होता. डॉक्टर म्हणाले औषध अजून बरेच महिने घ्यायचं, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. मायने विचारलं, "खाली पेट?" डॉक्टर म्हणाले, "खाली पेट," आणि लगेच पुढे, "मतलब?" माय म्हणाली, "मतलब कुछ नई खाना." ते हसले. माय हसली नाही. तिला त्या शब्दाचं हसू कधीच आलं नाही, आजही येत नाही.

वॉर्डात डोकावले. गुलाबच्या खाटेवर दुसरी बाई होती. सिस्टर म्हणाली, भाऊ येऊन घेऊन गेला. पुढचं मला माहीत नाही. तिने वॉर्डात असताना दिलेला निळ्या ठशांचा एक रुमाल माझ्याकडे होता, तो धुता धुता विरला.

पॅनलची मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना बाबा मला पुन्हा मेडिकलला घेऊन गेले. डॉक्टर पहिल्या मेडिकलचेच होते. त्यांनी मला धावायला लावलं, श्वास ऐकला, दवाखान्याचे कागद वाचले, फोटो उजेडात धरला. त्यांनी आणखी एका डॉक्टरांना बोलावून दाखवलं. दोघं इंग्रजीत हलक्या आवाजात बोलले. मग सही केली.

त्या हिवाळ्यात मी क्लार्क म्हणून रुजू झाले. औषधाचा कोर्स मी नोकरी करत पुरा केला, एकही दिवस न चुकता. माय परत गेली नाही. आजीलाच जयपूरला आणलं. माझा टीबी पूर्ण बरा झाला, तो पुन्हा झाला नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाला झाला नाही.